ताम्हिणीच्या वळणाला दोर पुरेल का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याहून कोकणाकडे निघालेल्या सहा तरुणांची जीप ताम्हिणी घाटात दरीत कोसळली. सहाही जण गेले. गाडी पडताना कोणी पाहिले नाही. मुलांचे फोन लागेनात म्हणून घरच्यांनी शोधाशोध सुरू केली आणि काही दिवसांनी ड्रोन उडवल्यावर खाली झाडीत गाडी दिसली. त्याच्या आदल्या वर्षी, २० डिसेंबर २०२४ रोजी, लग्नाला निघालेली एक खासगी बस याच घाटात वळणावर उलटली होती आणि तिच्यातले पाच जण दगावले होते.

अशा प्रत्येक अपघातानंतर एक मागणी हमखास होते. ‘एक्सप्रेस वेवर लावल्यात तशा तारा इथेही लावा.’ चहाच्या टपरीवर होते, व्हॉट्सॅपवर होते, निवेदनांतही होते. ती करणाऱ्यांत काही वर्षांपूर्वी मीही होतो. माझी सासुरवाडी माणगावकडची, त्यामुळे तीस वर्षे हा रस्ता पायाखालचा, किंवा चाकाखालचा म्हणा. मी इंजिनिअर नाही. आयुष्य कारखान्यात लेथवर गेले; त्रिकोणमिती शाळेत जेवढी शिकलो त्याहून जास्त टेपर कापताना शिकलो. पण मागणी करायची तर ती वस्तू नेमकी काय आहे आणि तिला काय काय लागते, हे एकदा मुळातून पाहावे म्हणून वाचायला बसलो. वाचता वाचता माझे मत पार उलटे झाले. ते कसे झाले, तेच या लेखात मांडतो.

आधी द्रुतगती मार्गाचे पाहू, कारण तिथे दोर का लागला हे कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. २३ डिसेंबर २०१२ रोजी अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे यांचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मृत्यू झाला. पेंडसे यांचा लहानगा मुलगाही त्यात गेला. समोरच्या मार्गिकेवरचा टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्या गाडीवर आला होता. चूक त्यांच्या गाडीची नव्हती, त्यांच्या बाजूच्या वाहतुकीचीही नव्हती. त्या वेळी दुभाजक म्हणजे बऱ्याच ठिकाणी मधली हिरवळीची पट्टी होती. वेगात सुटलेल्या गाडीला ती अडवू शकत नव्हती. या आणि अशा अपघातांनंतर दुभाजकावर पोलादी दोरांचा कठडा बसवण्याची मागणी जोरात आली आणि २०१५-१६ च्या सुमारास तो बसू लागला. वर्तमानपत्रांत ‘ब्रायफेन’ हे नाव वाचल्याचे अनेकांना आठवत असेल. ते मूळचे एका ब्रिटिश बनावटीचे नाव, पण आपल्याकडे वनस्पती तुपाला जसे सगळे ‘डालडा’ म्हणतात, तसे कोणत्याही दोर-कठड्याला ते चिकटले.

दोराच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा स्वीडनचा आहे. तिथे तेरा मीटर रुंदीचे, दुभाजक नसलेले लांबच लांब रस्ते होते आणि समोरासमोरच्या धडकांत माणसे मरत होती. १९९८ मध्ये येव्हले शहराच्या उत्तरेला एका रस्त्यावर त्यांनी एका बाजूला दोन मार्गिका, दुसऱ्या बाजूला एक आणि मधोमध दोर-कठडा असा प्रयोग केला. रस्ता रुंद केला नाही, फक्त पट्टे बदलले आणि मध्ये दोर ताणला. पुढे असे शेकडो किलोमीटर रस्ते झाले आणि त्यांवरचे मृत्यू साधारण तीन चतुर्थांशाने कमी झाले. इतक्या कमी खर्चात इतकी माणसे वाचवणारी दुसरी गोष्ट रस्त्यांच्या जगात क्वचितच सापडेल. तेव्हा दोर वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. उलट, तो इतका चांगला का आहे हे समजले की ताम्हिणीत तो का नको, हेही समजते.

कठड्याचे काम गाडी ‘थांबवणे’ असे आपण समजतो. ते पुरते खरे नाही. गाडी रस्त्याच्या दिशेने जात असते आणि थोडी तिरकी होऊन कठड्यावर येते. तिचा रस्त्याच्या दिशेने असलेला वेग कठड्याला मारायचा नसतो. मारायचा असतो तो फक्त कठड्यावर आदळणारा आडवा वेग. तो मेला की गाडी कठड्याला घासत पुढे जाऊन थांबते. आता हा आडवा वेग किती अंतरात मारायचा, यावर आतल्या माणसांचे नशीब ठरते. ताशी ११० किलोमीटर वेगाने २० अंशांच्या कोनात आलेल्या मोटारीचा आडवा वेग सेकंदाला साडेदहा मीटर भरतो. दोर दोन मीटर मागे सरकत तो मारतो, म्हणजे आतल्या माणसाला सरासरी पावणेतीन ‘जी’ इतका झटका बसतो. काँक्रीटची भिंत जागची हलत नाही. गाडीचा पत्रा चेपेल तेवढेच अंतर. ते ३० सेंटीमीटर धरले तर झटका अठरा ‘जी’च्या आसपास जातो. हिशेब ढोबळ आहे, पण फरक केवढा आहे ते कळायला पुरेसा आहे.

दोर हे काम करतो ती युक्ती मला फार आवडते. त्याचे खांब मुद्दाम कमजोर ठेवलेले असतात. तीन किंवा चार दोर, प्रत्येक सुमारे १९ मिलिमीटर जाडीचा, तीन पेडांचा आणि प्रत्येक पेडात सात तारांचा. खांबांचे काम एवढेच, की धडकेच्या क्षणापर्यंत दोर ठराविक उंचीवर धरून ठेवणे. गाडी आली की खांब वाकून आडवे होतात, दोर त्यांच्यातून सुटतात आणि गाडीच्या अंगावर बसतात. पुढचा सगळा भार दोराचा ताण आणि दोन टोकांचे अँकर पेलतात. बैलाला दाव्याने आवरावे तसे. खुंटा मात्र दूर आणि पक्का हवा.

इथून दोराच्या अटी सुरू होतात. कठडा विकणाऱ्यांच्या रंगीत पुस्तिकांत त्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतात. पहिली अट जागेची. दोर मागे सरकूनच काम करतो, तेव्हा त्याच्यामागे सरकायला जागा हवी. बनावट, खांबांतले अंतर आणि येणारे वाहन यांप्रमाणे ती बदलते, पण मोटारीच्या धडकेलाही दोन मीटरच्या आसपास धरावी लागते, आणि खांब दूरदूर लावले तर अधिक. ही जागा सपाट किंवा अगदी सौम्य उताराची हवी. उतार जास्त असेल तर चाक खाली जाते, गाडीचे नाक दोराखाली घुसते किंवा गाडी दोरावरून उलटते. दुभाजकाच्या हिरव्या पट्टीत अशी जागा फुकट मिळते. ताम्हिणीत साइडपट्टी संपते तिथे दगडी कठडा आणि कठड्याच्या पलीकडे हात लांब केला की खाली कुंडलिकेचे खोरे. तिथे दोन मीटर मागे सरकलेला दोर गाडीला दरीच्या पोकळीतच नेणार.

काही जण म्हणतात, मग दोर रस्त्याच्या आत दोन मीटर लावा. सात मीटरच्या रस्त्यातून दोन मीटर काढून घेतल्यावर समोरून येणाऱ्या एसटीला वाट कुठून द्यायची, एवढाच माझा प्रश्न.

दुसरी अट ताणाची आणि अँकरची. नव्या पद्धतीच्या दोरांना बसवतानाच सुमारे २५ किलोन्यूटन, म्हणजे अडीच टनांचा ताण दिलेला असतो. चार दोर म्हटले की टोकाच्या अँकरवर रात्रंदिवस दहा टनांची ओढ, आणि धडक बसली की याच्या कितीतरी पट. शिवाय पोलाद तापले की लांबते. थंड पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत तीस अंशांचा फरक धरला, तर ताण पाव ते एक तृतीयांश इतका खालीवर होतो; म्हणून दरवर्षी टर्नबकल फिरवून तो तपासायचा. टोकाचे काँक्रीटचे ठोकळे ज्या मातीत बसवायचे ती माती ताम्हिणीत कशी आहे? २५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहराला वर्षभरात साधारण जेवढा पडतो त्याच्या तीन चतुर्थांश, एका दिवसात. भरावाची माती तेव्हा माती राहत नाही, पिठले होते. त्यात बसवलेला ठोकळा इंच-इंच सरकला की दोर ढिला पडतो. ढिला दोर बाहेरून दिसतो मात्र अगदी ताठ दोरासारखाच.

आणि तिसरी अट वळणाची. इथे मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण ताम्हिणी म्हणजे वळणच.

ताणलेला दोर स्वभावाने सरळ. त्याला वळणावरून न्यायचे तर प्रत्येक खांबाने त्याला बाजूला ओढून धरावे लागते. ही बाजूची ओढ मोजायला सोपी आहे. दोराच्या ताणाला वळणाच्या त्रिज्येने भागायचे, की दर मीटरमागची ओढ मिळते. २०० मीटर त्रिज्येच्या प्रशस्त वळणावर, चार दोर आणि दर दोन मीटरला खांब धरला, तर प्रत्येक खांबावर साधारण शंभर किलोची ओढ येते. त्रिज्या ३० मीटर असेल तर तीच ओढ जवळजवळ सातशे किलो. आणि हा खांब तर मुद्दाम कमजोर केलेला. कोणी धडकण्याआधीच तो कलायला लागेल. म्हणूनच अशा कठड्यांसाठी सर्वसाधारणपणे २०० मीटरच्या आसपासची त्रिज्या ही खालची मर्यादा धरतात.

ओढ सोसणारे जाडजूड खांब लावले तर? तर दोराचा मऊपणा गेला. गाडी खांबावरच आपटेल. आणि तरीही एक घोटाळा उरतो. तो समजायला घाटातली वळणे दोन जातींची असतात हे लक्षात घ्यावे लागते. डोंगराची सोंड पुढे आली की रस्ता तिला वळसा घालतो. तिथे दरी वळणाच्या बाहेरच्या अंगाला असते. दोन सोंडांच्या मध्ये घळ असते, बहुधा तिथे ओढा आणि मोरी असते. तिथे दरी वळणाच्या आतल्या अंगाला येते. सोंडेवर दोर गाडीच्या बाजूने आत वळलेला असतो. धडकेने मधले खांब पडले की कमानीतला दोर सैल होतो आणि सैलपणा भरून निघेपर्यंत गाडी फुकटात बाहेर जाते. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर वीस मीटर लांबीतले खांब पडले असे धरून मी कागदावर हिशेब केला. नुसता सैलपणा संपायलाच पाव मीटर जातो. घळीत तर याहून वाईट. तिथे दोर गाडीकडे फुगलेला असतो. खांब पडले की तो आपसूक सरळ व्हायला दरीकडेच पळतो आणि सरळ होऊन पलीकडे ताणला जाईपर्यंत काहीच अडवत नाही.

आपल्या घाटातल्या वळणांची त्रिज्या किती, हे कागदपत्र न मागता कोणालाही काढता येते. दहा मीटरची सुतळी घ्यायची. रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर दोन टोके धरून ताणायची. सुतळीच्या मध्यापासून पट्टा किती लांब आहे ते मीटरपट्टीने मोजायचे. भूमितीत याला बाण म्हणतात. साडेबाराला बाणाने (मीटरमध्ये) भागले की त्रिज्या मिळाली. बाण सहा सेंटीमीटर आला तर त्रिज्या साधारण दोनशे मीटर. त्याहून जास्त आला की दोराचा विषय तिथेच संपला. घाटाच्या उतारावर मी जिथे जिथे सुतळी धरली, तिथे बाण सहा सेंटीमीटरच्या आत क्वचितच आला. एका सोंडेवर बेचाळीस आला, म्हणजे त्रिज्या तीस मीटर. (हे काम रविवारी करू नये. पावसाळ्यात तर नाहीच. मागे लाल झेंडा धरलेला एक माणूस हवाच; माझ्या मागे माझा मेव्हणा होता आणि तो सगळा वेळ मला शिव्या घालत होता.)

आता या तीस मीटरच्या वळणावर बस सुटली तर काय होते ते पाहू. आजवरच्या प्रमाण चाचण्यांत गाडी १५, २० किंवा २५ अंशांत कठड्यावर आणून आपटतात. सरळ रस्त्यावर गाडी सहसा याहून जास्त तिरकी येत नाही, म्हणून हे कोन. पण वळणावर गाडीला तिरके व्हावे लागत नाही; ती सरळ गेली की रस्ताच तिरका होतो. बस आतल्या मार्गिकेवरून सरळ सुटली आणि कठडा आडवा सहा मीटरवर असला, तर ३०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ती सुमारे ११ अंशांत आदळते. ३० मीटरच्या वळणावर हाच कोन ३३ अंशांच्या पुढे जातो. हेअरपिनवर, त्रिज्या १५ आणि अंतर ५ मीटर धरले, तर ४१ अंश. बस मुळातच बाहेरच्या कडेने चालली असेल तर तीस मीटरच्या वळणावरही कोन वीसच्या आसपास राहतो. पण वाईटातले वाईट धरूनच कठडा बांधायचा असतो.

युरोपीय प्रमाणात बसची चाचणी आहे. १३ टनांची बस, ताशी ७० किलोमीटर, २० अंश. कठड्याला झेलावी लागणारी आडवी ऊर्जा २८७ किलोज्यूल. मोटारीच्या नेहमीच्या चाचणीत, म्हणजे दीड टन, ११० आणि २० अंश, हीच ऊर्जा ८२. आता ताम्हिणीतली तीच बस घ्या. उतारावर ब्रेक तापून वेग पन्नासवर गेला आणि ३३ अंशांत ती आदळली, तर ३८० किलोज्यूल. हेअरपिनवर ४१ अंशांत, नुसत्या चाळीसच्या वेगात, ३५०. ‘घाटात गाड्या हळू असतात, तिथे साधा कठडा पुरतो’ असे मी कित्येकांकडून ऐकले आहे. आकडे याच्या उलट सांगतात. वेग कमी, पण कोन मोठा आणि वाहन जड. द्रुतगती मार्गाच्या सरळ पट्ट्यावरच्या मोटारीपेक्षा घाटातली बस कठड्यावर चार-पाच पट घाला घालते.

दोर-कठड्यांच्या बाजूने हेही सांगायला हवे, की त्यांतले काही आठ टनांच्या ट्रकच्या चाचणीतही उतरले आहेत. पण ती चाचणी ताशी ८० किलोमीटर आणि १५ अंशांची. ऊर्जा १३२ किलोज्यूल, सपाट मैदानावर, सरळ रेषेत, मागे मोकळी जागा ठेवून.

मग आज घाटात काय आहे? जुना दगडी कठडा, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा, ठिकठिकाणी खंड पडलेला. उंची गुडघ्याच्या जरा वर. बसचा गुरुत्वमध्य जमिनीपासून मीटरहून वर असतो. गुडघ्याएवढ्या भिंतीवर चाक अडले तरी वरचा भार पुढे जातो आणि बस भिंतीवरून कोलांटी घेते. शिवाय या भिंती भरावावर नुसत्या ठेवल्यासारख्या आहेत. विंझाईच्या देवळाकडच्या एका टपरीवाल्याने मला एका वाक्यात सगळे सांगितले. “साहेब, रंग देत्यात, लांबनं झकास दिसती. पण बस गेली तर ती भिंत संगं घेऊनच जाती.”

काही ठिकाणी लोखंडी पन्हाळी पट्टीचे क्रॅश बॅरियर आहेत. दोर आणि भिंत यांच्या मधला हा प्रकार, मोटारीला चांगला. पण त्याचे खांब जमिनीच्या धरावर उभे असतात आणि खांबामागे अर्धा-पाऊण मीटर घट्ट माती असेल तरच तो धर मिळतो. भरावाच्या ऐन कडेवर ठोकलेला खांब दुधातल्या दातासारखा निघतो. मध्यंतरी बांबूच्या कठड्याचीही चर्चा झाली. २०२३ मध्ये विदर्भात वणी-वरोरा महामार्गावर दोनशे मीटर लांबीचा ‘बाहुबली’ बांबू कठडा बसवला आणि त्याची चाचणी पीथमपूरला झाली. प्रयोग चांगला आहे, शेतकऱ्याला त्यात दोन पैसे आहेत. घाटातल्या बससाठी मात्र तो सुचवण्याचे धाडस मी करणार नाही.

घाटातल्या तीव्र वळणांना जे लागते ते आपल्याकडे आधीच लिहून ठेवलेले आहे, फक्त पुलांच्या प्रकरणात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांवरील भारांच्या संहितेत, आयआरसी ६ मध्ये, कठड्याचे तीन वर्ग आहेत. सगळ्यात वरचा वर्ग ३० टनांचे वाहन, ताशी ६० किलोमीटर, २० अंश यांसाठी. ऊर्जा काढली तर ४८७ किलोज्यूल येते. ताम्हिणीतल्या सुटलेल्या बसला पुरून उरेल एवढी. हा कठडा गजांचा, काँक्रीटचा, उंच आणि पायाशी बांधलेला असतो. रेल्वेवरचा पूल किंवा खोल नदीवरचा पूल म्हटला की आपण असा कठडा मागतो, कारण खाली पडणे परवडणारे नसते. सोंडेवरचे वळण खालून पाहिले तर त्याची गोष्ट वेगळी नाही. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. वाचला तो एकटा माणूस, तो दरीतून वर चढून आला तेव्हा जगाला कळले. १५ एप्रिल २०२३ रोजी बोरघाटात जुन्या महामार्गावर शिंग्रोबाच्या देवळाजवळ झांज पथकाची बस कोसळली आणि तेरा जण गेले. दोन्हीकडे प्रश्न बसचा होता, मोटारीचा नव्हता.

भिंतीचा झटका जास्त बसतो हे वर मीच सांगितले. मग आतल्या माणसांचे काय? चाळीसच्या वेगात चाळीस अंशांनी आदळलेल्या गाडीचा आडवा वेग ताशी सव्वीस किलोमीटरच्या आत भरतो. पट्टा लावलेला माणूस त्यातून सहसा जगतो. बसमधल्यांना मार लागेल, काहींची हाडे मोडतील. पण ती मोडलेली हाडे रस्त्यावर असतील, आणि मागून येणारा पहिला गाडीवाला थांबेल. नोव्हेंबरमधली ती मुले इतके दिवस सापडली नाहीत ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. धड कठडा असता तर गाडी अडली असती. आणि अडली नसती तरी फुटलेला कठडा सकाळी कोणाच्या तरी नजरेस पडला असता.

दुचाकीवाल्यांविषयी दोन शब्द. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी ताम्हिणीत दुचाकींची रांग लागते आणि दोराविषयीची जुनी भीती, की तो माणसाला कापतो, तिथेही ऐकू येते. नॉर्वेने तर याच भीतीपायी नवे दोर-कठडे बंद केले. अमेरिकेतल्या अपघातांच्या अभ्यासात मात्र दोर आणि पन्हाळी पट्टी यांत दुचाकीस्वाराच्या दृष्टीने फारसा फरक आढळला नाही. घसरत आलेल्या माणसाला इजा करतो तो मुख्यतः खांब, दोर नव्हे. खांबच नसलेली सलग भिंत त्यातल्या त्यात बरी.

पण भिंत म्हटली की ताम्हिणीत पहिला प्रश्न पाण्याचा, आणि इथेच कंत्राटी घाई नडते. दिवसाला पाचशे मिलिमीटर पाऊस जिथे पडतो तिथे दरीच्या बाजूला सलग भिंत घातली तर रस्त्याचा कालवा होईल. डोंगराकडचे गटार तुंबले की पाणी रस्ता ओलांडून भिंतीला येते, तिच्या कडेने धावते आणि जिथे भिंत संपते तिथे भराव कापून काढते. म्हणजे भिंतीत दर काही मीटरला तळाशी भोके हवीत, आणि भोकाखाली पाणी भरावावर न पडता खडकापर्यंत नेणारा दगडी उतरता पाट हवा. पाया भरावावर नको. जिथे कातळ वर आहे तिथे तो ड्रिलने भोसकून सळया आत ग्राउटने बसवता येतात. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाइतका चांगला अँकर दुसरा नाही. जिथे कातळ खोल आहे तिथे भिंत रस्त्याखाली आत शिरलेल्या काँक्रीटच्या जाड स्लॅबला जोडायची, म्हणजे ज्या बसला अडवायचे तिच्याच वाटेचे वजन भिंतीला धरून ठेवते. भिंतीचे टोक बोथट उभे ठेवायचे नाही. ते डोंगराकडे किंवा उतरत जमिनीत न्यायचे. आणि भजी-कणसांच्या टपऱ्यांसाठी, धबधब्याचे फोटो काढण्यासाठी मध्ये खंड ठेवायचा नाही. मला दिसलेले खंड नेमके सोंडेवर होते, कारण देखावा तिथूनच चांगला दिसतो.

हे सगळे घाटभर करायला सांगणे म्हणजे काहीच न होणे. दोन्ही बाजूंच्या खर्चाची मला कल्पना आहे. अशी भिंत मीटरमागे दोराच्या कितीतरी पट महाग पडते. म्हणून निवड करावी लागते, आणि निवडीसाठी माझी सुतळीची पद्धत पुरेशी आहे. दरी बाहेरच्या अंगाला असलेली, म्हणजे सोंडेवरची वळणे आधी. त्यांतली विळ्याकडे उतरताना सलग उतारानंतर येणारी त्याहून आधी, कारण ब्रेक तिथवर तापलेले असतात. त्यांतही बाण पंचवीस सेंटीमीटरहून जास्त, म्हणजे त्रिज्या पन्नास मीटरच्या आत असलेली सगळ्यात आधी. घळीतल्या वळणांना मोटार अडवणारी पन्हाळी पट्टी चालेल, खांबांना मागे माती मिळाली तर. तिथे बस सुटली तर ती बहुतेक डोंगराकडे जाते. आणि दोराला मी पुरता हद्दपार करत नाही. घाट सुरू होण्याआधी, मुळशी धरणाच्या पाण्याकडेने रस्ता जातो तिथे काही सरळ, सपाट तुकडे आहेत. साइडपट्टीपलीकडे अडीच मीटर मोकळी जमीन असेल आणि बाण सहा सेंटीमीटरच्या आत असेल, तर तिथे दोर लावावा. मोटार पाण्यात जाण्याऐवजी दोरात अडकेल.

या कसोटीला उतरणाऱ्या सोंडेवरच्या वळणांची यादी मी वहीत करत आणली आहे. घाटाचा खालचा भाग राहिला आहे. पाऊस उघडून गवत वाळले, की कठड्यामागचा भराव नीट दिसतो. तेव्हा उरलेला मोजायचा आहे. मेव्हण्याने या खेपेला यायला नकार दिला आहे, पण सासुरवाडीच्या गावातली दोन मुले सुतळीची टोके धरायला तयार आहेत. झेंडा मी धरीन.